एक्सेल बंद पडतंय? फाइल दुरुस्त करण्याआधी तिचं नाव तपासा

"ताई, ही एक फाइल उघडली की एक्सेल बंद पडतंय. ऑफिस काढून पुन्हा टाकलं, तरी तेच."

महिनाअखेरीच्या दुपारी हा फोन आला. चौदा विभागांचे तक्ते एकत्र करून ताळा जुळवायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे असे फोन माझ्याकडेच येतात. जाऊन पाहिलं. बाकीच्या तेरा फाइली व्यवस्थित उघडत होत्या. चौदावीचं नाव होतं "विक्री [सुधारित] तिसऱ्या तिमाहीचा ताळा". मी तिची एक प्रत केली, प्रतीला दोन अक्षरांचं नाव दिलं आणि उघडली. उघडली की! आत सगळे आकडे जागच्या जागी होते. ऑफिस पुन्हा टाकण्यात त्या मुलाचे दोन तास गेले होते, आणि दोष नावातल्या दोन चौकटी कंसांचा होता.

तेव्हापासून मी हेच सांगत आले आहे: एखादी ठरावीक फाइलच प्रोग्राम पाडत असेल, तर आधी नाव तपासा. एका मिनिटाचं काम आहे आणि त्यात काही बिघडत नाही.

आधी चाचणी

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत करायची. ओढून दुसरीकडे टाकलीत तर कधी प्रत होते, कधी फाइलच हलते, म्हणून कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही वापरा.

एक्सेल पूर्ण बंद करा. "बंद पडलं" म्हणजे ते खरंच बंद झालं असं नाही. खिडकी जाते, पण टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल अजून चालू दिसतं आणि फाइल धरून बसलेलं असतं. तिथून "एंड टास्क" करा. हे न करता केलेल्या चाचणीचा निकाल धरू नका.

आता सी ड्राइव्हवर सरळ एक नवं फोल्डर करा, नाव फक्त इंग्रजी अक्षरांत, चार-पाच अक्षरांचं. डेस्कटॉप टाळा, कारण पुष्कळ संगणकांवर डेस्कटॉपच वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि मग चाचणीत आणखी एक भानगड शिरते. फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू"मधून एक्स्टेन्शन दिसतील असं करून घ्या, नाहीतर नाव बदलताना डॉट एक्सएलएसएक्स दोनदा लागतं किंवा पुसलं जातं. मग तीन वेळा उघडून पाहा:

१. छोटं नाव, नवं फोल्डर. इथेही एक्सेल पडलं तर नाव निर्दोष आहे. थेट शेवटच्या भागाकडे जा.

२. छोटं नाव, जुनं फोल्डर. इथे पडलं तर दोष फोल्डरच्या पत्त्यात आहे.

३. जुनं नाव, नवं फोल्डर. इथे पडलं तर दोष नावातच आहे.

दुसरी आणि तिसरी चाचणी वेगवेगळी पास होते आणि मूळ जागी मूळ नावानं मात्र फाइल पडते, असंही होतं. तसं झालं तर जवळजवळ नेहमी लांबी हेच कारण निघतं: नाव आणि पत्ता एकेकटे मर्यादेत असतात, दोघांची बेरीज बाहेर जाते.

चौकटी कंस

ह्यांच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ह्यांनी सगळ्यात जास्त छळलं आहे.

एक्सेल दुसऱ्या फाइलमधल्या खान्याचा (सेलचा) उल्लेख कसा करतं ते पाहा: 'सी:\हिशेब\[विक्री.एक्सएलएसएक्स]मार्च'!ए१. चौकटी कंसाच्या आत फाइलचं नाव, कंसाबाहेर शीटचं नाव. म्हणजे कंस ही एक्सेलच्या व्याकरणातली खूण आहे. आता फाइलच्याच नावात "[सुधारित]" आलं, तर नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ठरवायचं कसं? म्हणूनच एक्सेलच्या "सेव्ह ॲज"मध्ये असं नाव टाकलं तर ते सरळ नाकारतं. पण फाइल एक्सप्लोरर नाकारत नाही, विंडोजच्या दृष्टीनं कंस चालतात. त्यामुळे अशी नावं नेहमी एक्सेलच्या बाहेर जन्मतात: कोणी एक्सप्लोररमध्ये नाव बदललं, किंवा फाइल उतरवताना प्रोग्रामनं तात्पुरत्या फोल्डरमध्ये "[१]" जोडून ठेवली.

पुष्कळदा अशी फाइल उघडते, कामही करते. मग पिव्हट टेबल (मोठ्या तक्त्याचा सारांश) करायला गेलात की "डेटा सोर्स रेफरन्स इज नॉट व्हॅलिड" असा संदेश येतो आणि माणूस तक्त्यातल्या रिकाम्या ओळी शोधत बसतो. फाइल साध्या नावानं सेव्ह करून पुन्हा उघडा, तोच पिव्हट निमूट होतो. गोल कंस मात्र निरुपद्रवी आहेत.

पण नाव एकटं असून एक्सेलला पाडेल असं क्वचित होतं. बहुतेक वेळा नाव वाचणारं दुसरं काहीतरी अडखळतं: ॲड-इन (एक्सेलला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम), मॅक्रो (नेहमीची कामं आपोआप करणाऱ्या लिहून ठेवलेल्या आज्ञा), जोडलेली दुसरी फाइल. त्या दुपारी तसंच झालं होतं. कोणीतरी पूर्वी लिहिलेलं एक ॲड-इन उघडलेल्या प्रत्येक फाइलचा पत्ता घेऊन पहिल्या "[" पासून पहिल्या "]" पर्यंतचा मजकूर कापत होतं. त्याला फाइलच्या नावाऐवजी "सुधारित" एवढंच हाती लागत होतं, त्या नावाची फाइल उघडी नव्हती, आणि ते स्वतः पडताना एक्सेललाही घेऊन जात होतं. ॲड-इन बंद केल्यावर जुन्या नावानंही फाइल उघडली. तरी मी नाव बदललंच, कारण तीच फाइल पुढे आणखी तीन संगणकांवर जाणार होती.

लांबी मोजताना मराठी अक्षरं फसवतात

एक्सेलसाठी फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २१८ अक्षरांच्या आत ठेवायचा. विंडोजची जुनी मर्यादा २६०ची. एक्सेलची त्याहून कमी, कारण त्याला त्याच ओळीत ३१ अक्षरांपर्यंतचं शीटचं नाव, कंस, अवतरणचिन्हं, उद्गारचिन्ह आणि खान्याचा पत्ता एवढं सगळं बसवायचं असतं. विंडोज १०च्या २०१६ सालच्या आवृत्तीपासून २६०ची मर्यादा उठवण्याची सोय आली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. एक्सेलच्या फाइलीसाठी २१८च धरा.

मोजायचं कसं? फाइलवर शिफ्ट दाबून उजवी क्लिक करा, "कॉपी ॲज पाथ" निवडा, तो पत्ता एका खान्यात चिकटवा आणि शेजारी लेन (LEN) हे खुणा मोजणारं फंक्शन लावा. दोन्ही टोकांची अवतरणचिन्हं वजा करायची.

डोळ्यांनी मोजू नका. "तिसऱ्या" हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा वाटतो. लेन सात सांगतं: त, ऱ्हस्व इकार, स, ऱ, हलन्त, य, काना. म्हणजे मराठी नाव दिसतं त्याच्या दुपटीनं लांब असू शकतं. लिनक्सवर तर आणखी काटेकोर हिशेब आहे. तिथे एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेते, म्हणून ८५ खुणांत नाव संपलंच पाहिजे. विंडोजवर सुखानं नांदणारी फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर कॉपी होत नाही त्यामागे बहुधा हेच असतं.

नेटवर्कवरच्या फाइलीबाबत आणखी एक. तुमच्या संगणकावर सामायिक फोल्डर "झेड:" ह्या एका अक्षरानं जोडलेलं असेल आणि शेजारी तेच फोल्डर सर्व्हरच्या पूर्ण नावानं उघडत असेल, तर दोघांचे पत्ते वेगळ्या लांबीचे झाले. "माझ्याकडे तर उघडतंय" ह्या वाक्यानं पुष्कळ वेळ वाया जातो. दोघांनी आपापला पत्ता मोजून पाहावा. घाईत मार्ग काढायचा असेल तर कमांड प्रॉम्प्टमधली सब्स्ट (subst) ही आज्ञा लांबलचक फोल्डरला एक ड्राइव्ह-अक्षर देते आणि पत्ता तेवढा आखूड होतो.

न दिसणाऱ्या खुणा

एकदा एकाच फोल्डरमध्ये दोन फाइली दिसल्या, दोघींचं नाव "दुसऱ्या सहामाहीचा खर्च". संगणक एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवू देत नाही, मग ह्या आल्या कुठून? एकत्रीकरणाचा मॅक्रो त्यातली एक उघडायचा आणि "फाइल सापडत नाही" म्हणून मधेच थांबायचा.

घोळ "ऱ्या"मध्ये होता. आपला हा अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ ही स्वतंत्र खूण आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण, जी जुन्या कीबोर्डांवरून सर्रास यायची. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. विंडोज मात्र नावं खूण-खूण जुळवून पाहतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही तीन निरनिराळी नावं आहेत. मॅक्रोमध्ये एका तऱ्हेनं टाइप केलेलं नाव आणि डिस्कवर दुसऱ्या तऱ्हेचं, तर ते जुळणार कसं?

हे उघड करायची रीत सोपी आहे. दोन्ही नावं एकाखाली एक चिकटवा आणि लेन लावा. आकडे वेगळे आले की संशय पक्का. मग मिड (MID) वापरून एकेक खूण वेगळी काढा आणि तिला युनिकोड (UNICODE) हे खुणेचा क्रमांक सांगणारं फंक्शन लावा, ते एक्सेल २०१३पासून आहे. ऱ आला तर २३५३ दिसेल. साधा र २३५२, नुक्ता २३६४, हलन्त २३८१. अदृश्य जोडखूण ८२०५ आणि तिची भावंड, जोड तोडणारी खूण, ८२०४. वेबपानावरून उचललेल्या नावात १६० सापडतो, ती न तुटणारी मोकळी जागा. आणि विंडोजच्या प्रॉपर्टीज खिडकीतल्या सिक्युरिटी पानावरून पत्ता कॉपी केलात तर अगदी सुरुवातीला ८२३४ ही लेखनदिशेची खूण चिकटून येते. मॅक्रोत तो पत्ता बरोबर दिसतो, पण फाइल काही सापडत नाही.

त्या दोन फाइलींपैकी एकीत ८२०५ होता. आधी आतला मजकूर ताडून पाहिला आणि मग जोडखूणवालीचं नाव पुसून पहिल्यापासून टाइप केलं. नुसतं दुरुस्त करत बसलात तर ती खूण कुठेतरी राहून जाते.

देवनागरी नावं आणि मॅक्रो

व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेत, फोल्डरमधल्या फाइली एकामागून एक घ्यायला डिर (Dir) हे जुनं फंक्शन वापरतात. त्याला देवनागरीसारखी युनिकोड नावं झेपत नाहीत. "खर्च" त्याच्याकडून "????" होऊन येतं. प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालतच नाही, त्यामुळे पुढची उघडण्याची ओळ कोसळते.

मी डिर काढून त्याच कामाचा दुसरा मार्ग, फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट, वापरला. नावं नीट येऊ लागली, आणि दुसऱ्याच दिवशी मॅक्रो नव्या जागी अडला. कारण हे ऑब्जेक्ट लपवलेल्या फाइलीही दाखवतं. कोणी एखादी वर्कबुक उघडून बसलं असेल तर एक्सेल तिच्या शेजारी "~$"नं सुरू होणारी १६५ बाइटची छोटी लपलेली फाइल ठेवतं, वापरणाऱ्याचं नाव टिपून ठेवायला. तिचंही एक्स्टेन्शन एक्सएलएसएक्स असतं, पण ती वर्कबुक नव्हे, आणि उघडायला गेलं की चूक येते. नाव "~$"नं सुरू होत असेल तर ओलांडून पुढे जा, एवढी एक अट घातली आणि काम झालं. पॉवर क्वेरीनं, म्हणजे एक्सेलमधल्या डेटा ओढायच्या साधनानं, अख्खं फोल्डर ओढत असाल तर हीच गाळणी तिथेही लावा. लिब्रेऑफिस, म्हणजे ऑफिससारखाच मोफत संच, तशाच कामासाठी ".~lock"नं सुरू होणारी आणि # नं संपणारी फाइल ठेवतं. प्रोग्राम कोसळला की ह्या फाइली मागे राहतात आणि पुढच्या वेळी "फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे" असं दिसतं. खरंच कोणाकडे उघडी नाही ह्याची खात्री करून त्या पुसायला हरकत नाही.

बाकीचे, थोडक्यात

एकाच नावाच्या दोन वर्कबुका एक्सेल एका वेळी उघडत नाही, फोल्डर वेगळं असलं तरी. चौदा जणांनी "अहवाल" ह्याच नावानं पाठवलं तर मॅक्रो दुसऱ्या फाइलीलाच अडतो.

सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, सीओएम१ ते ९, एलपीटी१ ते ९ ही नावं विंडोजनं स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा नको. # असलेल्या फाइलीला ऑफिसमधून हायपरलिंक देऊ नका, # नंतरचा भाग पत्त्यातून तुटतो. "अहवाल ३.२ अंतिम" अशा नावातलं मधलं टिंब एक्सेलला चालतं, पण पहिल्या टिंबाशी नाव तोडणारे मॅक्रो मी पुष्कळ पाहिले आहेत.

एक्स्टेन्शन आणि आतला मजकूर जुळतो का तेही पाहा. कित्येक प्रणाल्या वेबपानाचाच मजकूर डॉट एक्सएलएस नावानं देतात आणि एक्सेल उघडताना इशारा देतं. अशी फाइल उघडून खऱ्या एक्सएलएसएक्स स्वरूपात सेव्ह करा. एक्सप्लोररमध्ये नुसतं एक्स्टेन्शन बदलून स्वरूप बदलत नाही.

नाव बदलताना

ह्या फाइलीवर दुसऱ्या वर्कबुकातली सूत्रं अवलंबून असतील तर एक्सप्लोररमध्ये नाव बदलू नका. दोन्ही वर्कबुका एक्सेलमध्ये उघडा, मूळ फाइल "सेव्ह ॲज"नं नव्या नावानं ठेवा, मग अवलंबून असलेलीही सेव्ह करा. सूत्रांतला पत्ता आपोआप बदलतो. आधीच बदलून बसला असाल तर डेटा टॅबवरच्या "एडिट लिंक्स"मध्ये जाऊन "चेंज सोर्स" करा. नव्या आवृत्त्यांत त्याला "वर्कबुक लिंक्स" म्हणतात.

काही फाइली नाव बदलूच देत नाहीत. शेवटी टिंब असलेली फाइल, जी बहुधा दुसऱ्या प्रणालीवरून आलेली असते, विंडोजला सापडत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पत्त्याच्या आधी \\?\ लावलं की विंडोज नावाची छाटणी न करता ते जसंच्या तसं घेतं. पॉवरशेलमध्ये चौकटी कंसांना वेगळा अर्थ आहे, म्हणून तिथे लिटरल पाथ हा पर्याय देऊनच नाव बदला.

नाव निर्दोष निघालं तर

एक्सेल सेफ मोडमध्ये, म्हणजे ॲड-इनशिवाय, उघडा: कंट्रोल दाबून धरून एक्सेल सुरू करा आणि विचारल्यावर हो म्हणा. लिब्रेऑफिसमध्ये "हेल्प"खाली सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करण्याचा पर्याय आहे. सेफ मोडमध्ये फाइल उघडली तर नेहमीच्या एक्सेलमध्ये ॲड-इन एकेक करून बंद करत जा. कुठलीच फाइल न उघडता एक्सेल पडत असेल तर एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये डोकवा, तिथली प्रत्येक फाइल सुरुवातीलाच आपोआप उघडते. फाइलच खराब वाटत असेल तर "ओपन"च्या बटणाशेजारच्या बाणातून "ओपन अँड रिपेअर" निवडा, तेही प्रतीवर.

आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्जखाली ॲप्लिकेशनमध्ये, पडल्याच्या वेळेची १००० क्रमांकाची नोंद शोधा. त्यात "फॉल्टिंग मॉड्यूल नेम" अशी ओळ असते. तिथे एखाद्या ॲड-इनच्या फाइलीचं नाव दिसलं तर शोध तिथेच थांबतो.

तरीही सुटलं नाही आणि फाइल दुसऱ्या कोणाकडे तपासायला पाठवायची असेल, तर फाइलीबरोबर तिचं मूळ नाव, पूर्ण पत्ता, लेनचा आकडा आणि नावातल्या खुणांचे युनिकोड क्रमांक वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहून पाठवा. झिप करताना, मेलनं जाताना किंवा उतरवताना नाव वाटेतच बदलू शकतं, आणि समोरच्याकडे जी पोहोचते ती निमूटपणे उघडते.